नोकरी हाच पहिला निवारा

सकाळची वेळ. कार्यालयाच्या प्रवेशद्वारापाशी एक गृहस्थ येऊन उभा राहतो. आत लेखा विभागात काम करणाऱ्या आपल्या पत्नीला बाहेर बोलवा, असा त्याचा आग्रह. ती आठवड्यापूर्वी मुलाला घेऊन माहेरी निघून आलेली. ती बाहेर येत नाही हे पाहून त्याचा आवाज चढतो. सुरक्षारक्षक गोंधळतो, सहकारी माना खाली घालतात. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार; मधल्या वेळात कार्यालयाच्या दूरध्वनीवर एकामागून एक फोन. अखेर वरिष्ठ तिला बोलावून सांगतात, ‘घरची भांडणे घरीच मिटवा, इथे तमाशा नको.’ महिनाअखेरीस ती राजीनामा देते. आणि त्यानंतर काही दिवसांनी, हाताशी पैसा उरला नाही म्हणून, ज्या घरातून जीव मुठीत धरून निघाली त्याच घरी परत जाते.

हा प्रसंग कोणा एकीचा म्हणून सांगितलेला नाही. घरात मार खाणाऱ्या अनेक नोकरदार स्त्रियांच्या वाट्याला तो थोड्याफार फरकाने येत असतो. त्यातील पती, वरिष्ठ, सहकारी, किंबहुना ती स्वतःही, ‘हे खासगी प्रकरण आहे’ असेच गृहीत धरून चालते. कायदा मात्र तसे मानत नाही. पतीने पत्नीच्या कामाच्या ठिकाणी पाऊल टाकू नये, असा आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना २००६ पासून आहे. तो आदेश मोडल्यास अटक होऊ शकते. पण ही तरतूद ना तिला ठाऊक असते, ना तिला राजीनाम्याकडे ढकलणाऱ्या कार्यालयाला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ या वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसल्याचे आढळले. हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या मात्र जेमतेम १४ टक्के होत्या. ‘इतके सोसण्यापेक्षा ती निघून का येत नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. त्याचे उत्तर पुष्कळदा पगाराच्या चिठ्ठीत दडलेले असते. वकिलाची फी, भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम, मुलांच्या शाळेचे शुल्क या साऱ्यांचा आधार नोकरी हाच असतो. म्हणूनच छळ करणाऱ्याचा पहिला घाव अनेकदा नोकरीवर पडतो. आणि म्हणूनच या विषयातील कायदे घर आणि कार्यालय अशा दोन वेगळ्या कप्प्यांत न पाहता एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

घरासाठीचा कायदा

घरातील छळाला १९८३ पर्यंत भारतीय दंड विधानात स्वतंत्र स्थान नव्हते. त्या वर्षी ‘४९८-अ’ हे कलम आले. पती किंवा त्याच्या नातलगांनी विवाहितेला क्रूरतेने वागविल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर हीच तरतूद कलम ८५ आणि ८६ मध्ये आली. पण हा मार्ग फौजदारी आहे. आरोपीला शिक्षा देणे हे त्याचे उद्दिष्ट. मार खाल्लेल्या स्त्रीला त्या रात्री हवे असते ते डोक्यावर छप्पर, हातात चार पैसे आणि पुन्हा अंगावर हात पडणार नाही याची हमी. या गरजांना उत्तर म्हणून ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

या कायद्याचे संरक्षण केवळ पत्नीपुरते नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, तसेच विवाहासारख्या संबंधात एकत्र राहणारी स्त्री, या साऱ्या जणी त्याखाली दाद मागू शकतात. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायद्यातील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द ठरविले, त्यामुळे छळ करणाऱ्या स्त्री-नातलगांविरुद्धही अर्ज करता येतो. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक संदिग्धता दूर केली. सासू-सासऱ्यांच्या नावावर असलेले घरही, सून तेथे कुटुंबासह राहत असेल तर, तिच्या दृष्टीने ‘सामायिक घर’ ठरू शकते. घर तुझ्या नवऱ्याच्या नावावर नाही, एवढेच सांगून तिला बाहेर काढता येत नाही.

हिंसेची व्याख्याही व्यापक आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे तिचे चार प्रकार कायद्याने मानले आहेत. विवाहांतर्गत बलात्कार हा अद्याप न्याय संहितेत गुन्हा नाही. १८ वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला त्यातून सूट आहे. परंतु पतीने केलेला लैंगिक अत्याचार हा २००५ च्या कायद्याखाली हिंसाच आहे आणि त्याविरुद्ध संरक्षण मागता येते, ही बाब फारशी चर्चिली जात नाही.

आर्थिक हिंसेचा भाग नोकरदार स्त्रियांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. या कायद्याच्या २००६ च्या नियमांना जोडलेल्या नमुन्यांत छळाचे प्रकार एकेक करून दिले आहेत. नोकरी करू न देणे, चालू नोकरीत अडथळे आणणे, पगार काढून घेणे, स्वतःचा पगार वापरू न देणे, या साऱ्यांचा त्यात उल्लेख आहे. ‘पगार सासूच्या हातात द्यायचा’ ही ज्या घरांत रीत म्हणून चालते, तेथे ती जबरदस्तीची असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो छळ ठरू शकतो.

आदेश कार्यालयाच्या दारापर्यंत

या कायद्याचे अठरावे कलम संरक्षण आदेशाचे आहे. पुन्हा हिंसा करू नये, एवढे सांगून ते थांबत नाही. पीडित स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी प्रवेश करू नये, तिच्याशी प्रत्यक्ष, पत्राने, दूरध्वनीवर किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून संपर्क साधू नये, बँकेतील संयुक्त खाते वा लॉकर परस्पर हाताळू नये, असे आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. अर्जदार अल्पवयीन मुलगी असेल तर शाळेच्या बाबतीतही हीच मनाई लागू होते. आणखी एक उपकलम तर सहकाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखे वाटते. तिला मदत करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर हिंसा करण्यासही मनाई करता येते. मैत्रिणीला आसरा दिला म्हणून धमक्या येत असतील, तर त्या मैत्रिणीच्या प्रकरणात तसा उल्लेख करून संरक्षण मागता येते.

आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की, आदेशाची प्रत कार्यालयाच्या प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकाकडे ठेवलेली असेल, तर त्याने वाद घालण्याचे कारण उरत नाही. त्याने पोलिसांना बोलवायचे.

अर्ज कोठे करायचा, या प्रश्नाचे उत्तरही नोकरीशी जोडलेले आहे. स्त्री कायमची वा तात्पुरती जेथे राहते, जेथे व्यवसाय करते किंवा जेथे नोकरी करते, त्या हद्दीतील न्यायालयात तिला जाता येते. सासर नाशिकला आणि नोकरी ठाण्याला असेल तर ठाण्यात अर्ज होऊ शकतो. प्रत्येक तारखेला दुसऱ्या गावी खेटे घालण्यात रजा संपून नोकरी जाण्याची वेळ येऊ नये, हे त्यातून साधते.

पैशांच्या बाबतीत विसावे कलम महत्त्वाचे. औषधोपचाराचा खर्च, मालमत्तेचे नुकसान, स्वतःचा व मुलांचा निर्वाह यांबरोबरच हिंसेमुळे बुडालेल्या कमाईची भरपाईही त्यात मागता येते. मार लागून महिनाभर कामावर जाता आले नाही आणि पगार कापला गेला, तर ते नुकसान मागण्याचा तिला हक्क आहे. प्रतिवादीने आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर त्याच्या मालकाला, म्हणजे तो जेथे नोकरी करतो त्या आस्थापनेला, त्याच्या पगारातून रक्कम थेट पीडितेला देण्याचा अथवा न्यायालयात भरण्याचा आदेश देता येतो. अर्थात, त्यासाठी पतीच्या नोकरीचा तपशील, पगारपत्रक, कार्यालयाचा पत्ता हाताशी असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, नोंदणीकृत सेवाभावी संस्थेमार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. न्यायालयांतील गर्दी पाहता साठ दिवसांची मुदत बहुधा पाळली जात नाही. म्हणून तेविसावे कलम उपयोगी पडते. प्रकरण निकडीचे असेल तर प्रतिज्ञापत्राच्या आधारे, दुसऱ्या बाजूची वाट न पाहता, अंतरिम आदेश मिळू शकतो. संरक्षण अधिकाऱ्यांची पदे अनेक राज्यांत अन्य कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अधिकाऱ्यांकडे सोपविलेली असतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर असे अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले, यावरून कायदा होऊन जवळपास दोन दशके उलटल्यानंतरची स्थिती लक्षात यावी.

कार्यालयासाठीचा कायदा

घरातील हिंसा कार्यालयापर्यंत येते, तशीच काही स्त्रियांच्या बाबतीत हिंसा कामातूनच उद्भवते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या कधीच सावरल्या नाहीत. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरीबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. १८ मे २०१५ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. एका कार्यस्थळाने आपल्या सहकारी स्त्रीसाठी काय करावे याचे ते विलक्षण उदाहरण होते. पण ते सहकाऱ्यांच्या मायेचे फळ होते. त्यावेळच्या कायद्यात कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाला नावही नव्हते.

ते नाव मिळायला आणखी चोवीस वर्षे जावी लागली. राजस्थानातील भटेरी गावात सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. जे काम करीत असल्यामुळे त्यांच्यावर हे संकट ओढवले, त्या कामाच्या संदर्भात मालकाचे कर्तव्य कोणते, याचे उत्तर तेव्हा कोणत्याही कायद्यात नव्हते. महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निकाल दिला आणि कायदा होईपर्यंत बंधनकारक राहतील अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा व्हायला पुढे सोळा वर्षे लागली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम २०१३ मध्ये संमत झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. वरिष्ठ पदावरील स्त्री तिची अध्यक्ष, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. ‘कामाचे ठिकाण’ या संज्ञेत कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरविलेले वाहनही येते. एवढेच काय, राहते घरही येते. कारण घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी दुसऱ्याचे घर हेच कार्यालय असते. तिची तक्रार स्थानिक समितीकडे जाते आणि त्यात सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. योग्य कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढविता येते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी, असे बंधन आहे. या काळासाठी कायद्याने दिलेली सोय फार मोलाची आहे. तक्रारदार स्त्रीच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा प्रतिवादीची बदली सुचवू शकते आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०१७ मध्ये रजा नियमांतच नव्वद दिवसांपर्यंतच्या विशेष रजेची तरतूद करण्यात आली. तक्रारदाराचे नाव उघड करण्यास मनाई आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्या कारणाने ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. तिला पोलिसांत जायचे असेल तर त्यासाठी साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

समिती असणे आणि ती नीट चालणे यांत अंतर आहे, हे गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाने दाखवून दिले. तेथील चौकशी अखेरच्या टप्प्यात घाईघाईने उरकली गेली आणि प्रतिवादीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शिक्षेचा आदेश रद्द केला आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. अशी चौकशी तक्रारदार व प्रतिवादी दोघांवरही अन्याय करते. वर्षानुवर्षे लढलेल्या स्त्रिया पुन्हा आरंभबिंदूवर येऊन उभ्या राहतात. त्याच निकालात देशातील तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सोळा महासंघांनी समितीच नेमली नसल्याच्या वृत्ताची न्यायालयाने खेदपूर्वक दखल घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्यासाठी पुन्हा मुदती घालून द्याव्या लागल्या.

गुन्ह्यानंतरचे दिवस

लैंगिक अत्याचार घरी, कार्यालयात वा रस्त्यावर कोठेही घडला, तरी त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय होते यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदविता येतो. अशा गुन्ह्याची नोंद करण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. बलात्कारपीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने नोंदवावा, अशी तरतूद आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. वैद्यकीय तपासणीतील अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले. पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. ही बंदी वृत्तपत्रांप्रमाणेच कार्यालयातील गटांत संदेश फिरविणाऱ्यांनाही लागू आहे.

महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांना घटनेच्या गांभीर्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य देण्याची तरतूद त्यात आहे. हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. याच प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. नोकरदार स्त्रियांना याची कल्पना बहुधा नसते. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस यंत्रणेतच महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यभर पसरला. या शतकाच्या प्रारंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र उभे राहिले. जखमेवर मलमपट्टी करतानाच ती कशी झाली हे विचारण्याची पद्धत तेथून रुजली. आता जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रे आहेत. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

राहून गेलेली जागा

इतक्या तरतुदी असूनही आरंभीच्या प्रसंगातील स्त्रीची नोकरी कोणता कायदा वाचवतो? तिला छळणारा माणूस सहकारी असता, तर समिती होती, तीन महिन्यांची रजा होती, बदली होती. छळणारा पती आहे म्हणून यांपैकी काहीच नाही. संरक्षण आदेश पतीला बांधतो, मालकाला नाही. न्यायालयाच्या तारखेसाठी, पोलीस ठाण्यात जबाब देण्यासाठी, नवे घर शोधण्यासाठी लागणारी रजा कोणत्याही केंद्रीय कायद्यात हक्क म्हणून दिलेली नाही. आजारपणाची व किरकोळ रजा संपली की बिनपगारी, आणि बिनपगारी संपली की ‘सतत गैरहजर’ असा शेरा.

इतर काही देशांनी ही पोकळी ओळखली आहे. फिलिपिन्सने २००४ च्या कायद्यातच हिंसापीडित स्त्रीला दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून कौटुंबिक हिंसेच्या पीडितांना वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळते आणि दोन महिन्यांपर्यंत कामाच्या वेळा वा जागा बदलून मागता येतात. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून दहा दिवसांची अशी पगारी रजा लागू झाली, त्यात नैमित्तिक कामगारही येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात कौटुंबिक हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखून तो कमी करण्यासाठी पावले उचलावीत, असे सदस्य देशांना सांगितले आहे. दहा दिवस ही फार मोठी मागणी नाही. एका संरक्षण अर्जाच्या सुरुवातीच्या तारखा, एक वैद्यकीय तपासणी आणि मुलांच्या शाळेचा दाखला एवढ्यातच ते संपतात.

असा कायदा आपल्याकडे होईपर्यंत कार्यालयांनी हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही. २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते की, हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उगाच आपल्यावर शेकायचे’ ही सहकाऱ्यांची भीती कायद्याने आधीच दूर केली आहे. फक्त तिच्याशी बोलून, तिच्या सुरक्षिततेचा विचार करून हे पाऊल टाकावे.

बाकीच्या गोष्टींना बहुधा खर्चही लागत नाही. पगार तिने सांगितलेल्या नव्या खात्यात जमा करावा. तिचा नवा पत्ता, दूरध्वनी क्रमांक व कामाच्या वेळा कोणालाही, पती म्हणून विचारणाऱ्यालाही, सांगू नयेत. तिची बसण्याची जागा किंवा पाळी बदलून द्यावी. प्रवेशद्वारावरील दृश्यफितींचे मुद्रण, येणाऱ्या फोनची नोंद, धमकीचे ई-मेल जपून ठेवावेत. न्यायालयात हाच पुरावा होतो. जखम झालेल्या दिवसांची अनुपस्थिती ‘बेशिस्त’ म्हणून नोंदवू नये, कारण बुडालेल्या पगाराची भरपाई मागताना हीच हजेरीपत्रके लागतात. अंतर्गत समितीच्या सदस्यांना घरगुती हिंसेच्या कायद्याचीही माहिती द्यावी. त्या तक्रारीची चौकशी करणे समितीच्या अधिकारात नाही, पण संरक्षण अधिकारी कोठे बसतात एवढे सांगणे तिच्या आवाक्यात आहे. पती आपल्याच आस्थापनेत नोकरीला असेल तर न्यायालयाने त्याच्या पगारातून द्यावयास सांगितलेली रक्कम विनाविलंब पाठविणे, हेही कार्यालयाचे कर्तव्यच.

आरंभीचा तो गृहस्थ प्रवेशद्वारापाशी येतो तेव्हा त्याला एक गोष्ट नेमकी ठाऊक असते. पत्नीला परत आणायचे असेल तर तिच्या मनधरणीची गरज नाही, तिची नोकरी सुटली की पुरे. हे जे त्याला कळते ते कार्यालयालाही कळायला हवे. वरिष्ठांनी तिला बोलावून ‘तमाशा नको’ म्हणण्याऐवजी ‘आदेशाची एक प्रत आमच्याकडे देऊन ठेवा आणि उद्या नेहमीप्रमाणे कामावर या’ एवढे म्हटले, तरी पुढची गोष्ट वेगळी होते. कायद्याने दरवाजापर्यंतची वाट आखून ठेवली आहे. दरवाजा आतून उघडायचा की बंद करायचा, हे अजूनही आत बसलेल्यांच्याच हाती आहे.